मदत हवी आहे: राउटरचा फायरवॉल चालू ठेवला की काही साइट लटकतात

त्रस्त_नाशिककर
नवीन राउटर आणल्यापासून डोक्याला ताप झालाय. फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी राखण) 'हाय'वर ठेवला की ठरावीक साइट लटकतात, बंद केला की सगळं सुरळीत. गूगल, यूट्यूब कायम व्यवस्थित. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचाय, उद्या शेवटची तारीख. फायरवॉल कायमचा बंद ठेवायचा नाहीये. 'रीस्टार्ट करून बघा' प्लीज सांगू नका, झालंय.

केबलमास्तर
'लटकतात' म्हणजे नेमकं काय? पान कोरं राहतं, एरर येतो की अर्धं उघडतं? मोबाइल डेटावर चालतात का? सगळ्या लॅपटॉपवर तोच प्रकार?

डीएनएस_दादा
डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदला. १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, विषय संपला. दहापैकी नऊ वेळा तोच घोळ असतो.

निमा_ठाणे
दादा, डीएनएसचा घोळ असता तर फायरवॉल बंद करून बरा कसा झाला असता?

डीएनएस_दादा
काही राउटरचे फायरवॉल पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं दारच, अडवतात. अनुभवाने सांगतोय.

निमा_ठाणे
मग यूट्यूबचा पत्ता कोण शोधून देतंय त्यांना?

त्रस्त_नाशिककर
डीएनएस कधीच बदलून झालाय. मोबाइल डेटावर सगळं चालतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर (विंडोज ७) प्रवेशाची साइट उघडते, लॉगिनही होतं, पण पीडीएफ जोडून सबमिट दाबलं की गोल चक्र फिरतच राहतं. मुलीच्या नव्या लॅपटॉपवर क्रोममध्ये तीच साइट मुळात उघडतच नाही. लवकर सांगा कोणीतरी.

अण्णा_कोल्हापूर
आमच्याकडे गटारीसाठी रस्ता खणला तेव्हा असंच व्हायचं. फायबर अर्धवट दबली होती. केबलवाल्याला फोन केला की 'माणूस निघालाय साहेब' एवढंच ऐकायचं. तुमच्याकडे खोदकाम चालू आहे का?

केबलमास्तर
अण्णा, फायबर दबली असती तर यूट्यूबही अडखळला असता.
नाशिककर, भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचं काय केलंत? नवीन राउटर त्याच्या मागे जोडलाय की युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये टाकलाय?

त्रस्त_नाशिककर
डबा आहे तसाच आहे, लॉगिन त्याच्यातच आहे. त्यातून वायर काढून माझ्या राउटरला दिलीय. त्याचा इथे काय संबंध?

केबलमास्तर
सगळा संबंध त्याचाच आहे हो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. डबा पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड देऊन इंटरनेट जोडायची पद्धत) लॉगिन होतो. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले (डेटाच्या तुकड्यातले) ८ बाइट स्वतःसाठी घेतो, त्यामुळे १५०० बाइटऐवजी १४९२चंच पॅकेट पुढे जातं. तुमच्या राउटरला हे ठाऊक नाही, तो १५००चीच पाठवतो. डबा ते परत लावतो आणि 'लहान करून पाठव' अशी आयसीएमपीची (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी तुमचा 'हाय' फायरवॉल दारातच फाडतो. लॅपटॉपला काही कळत नाही, तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. म्हणून छोटं पान उघडतं, लॉगिन होतं आणि पीडीएफ अडकते.

निमा_ठाणे
नव्या लॅपटॉपचं कोडंही यातच सुटतं. क्रोम १२४पासून (एप्रिल २०२४) सुरक्षित जोडणीचा पहिलाच निरोप मोठा झालाय, कारण क्वांटम संगणकापुढे टिकणारी किल्ली त्यात जोडलेली असते. एका पॅकेटात तो मावत नाही, पहिलं पॅकेट काठोकाठ भरतं. म्हणजे साइट दारातच अडते. विंडोज ७वरच्या जुन्या ब्राउझरचा निरोप छोटा, तो निसटून जातो.

हिंजवडी_आयटी
थिअरी छान, पण डबे स्वतःच एमएसएस (एका पॅकेटात किती डेटा भरायचा ती मर्यादा) कमी करून देतात. ही अडचण २००५ सालची आहे.

केबलमास्तर
बरेच देतात, सगळे नाही. स्वस्तातले डबे मी रोज उघडतो. काहींत ते आयपीव्ही४ला (पत्त्यांची जुनी पद्धत) होतं आणि आयपीव्ही६ला (नवी पद्धत) होत नाही. वाद नको, तपासू या.
नाशिककर, फायरवॉल 'हाय'वर ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ला पिंग करा (म्हणजे चाचणीचं पॅकेट पाठवा), सोबत डॅश एफ (तुकडे करू नको) आणि डॅश एल १४६४ (डेटाचा आकार) द्या. मग १४६५ देऊन बघा. (१४६४ अधिक हेडरचे २८ म्हणजे १४९२.)

सदाशिव_काका
एवढा खटाटोप कशाला? फायरवॉल बंदच ठेवा. हल्ली केबलवाले एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटतात. डब्यातला वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७मध्ये असेल तर बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही.

निमा_ठाणे
काका, ते आयपीव्ही४पुरतं. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक उपकरणाला थेट पत्ता मिळतो, तिथे फायरवॉलच राखण करतो. घरात कॅमेरा असेल तर असला सल्ला देऊ नका.

सदाशिव_काका
आमच्या घरी कॅमेरा नाही.

त्रस्त_नाशिककर
१४६४ला रिप्लाय येतो. १४६५ला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. फायरवॉल बंद करून १४६५ दिलं तर 'पॅकेट नीड्स टु बी फ्रॅगमेंटेड' (पॅकेटचे तुकडे करावे लागतील) असं लगेच येतं, तेही डब्याच्याच आयपीवरून. आता काय करू ते एका ओळीत सांगा.

केबलमास्तर
म्हणजे चिठ्ठी फायरवॉलच अडवतोय. तुमच्या राउटरच्या इंटरनेट किंवा वॅन सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्डच्या आत, एमटीयू (पॅकेटचा सर्वांत मोठा आकार) १५०० दिसेल. तिथे १४९२ टाकून सेव्ह करा. फायरवॉलला हात लावू नका. आता 'लहान कर' हे तुमचाच राउटर घराच्या आतून सांगेल, त्यामुळे फायरवॉल ओलांडायचा प्रश्नच उरत नाही.

पालक_पनवेल
फायरवॉलचा विषय निघालाच आहे तर मुलांचे गेम रात्री दहानंतर बंद कसे करायचे?

डीएनएस_दादा
फॅमिली डीएनएस टाका, १.१.१.३.

निमा_ठाणे
त्याने अश्लील साइट अडतात दादा, घड्याळ नाही लागत. पॅरेंटल कंट्रोलमध्ये वेळ लावता येते, पण तुम्ही वेगळा धागा काढा.

त्रस्त_नाशिककर
१४९२ टाकलं. फायरवॉल 'हाय'वरच. फॉर्म गेला, पावतीची पीडीएफही आली. क्रोममध्येही साइट उघडतेय. मास्तर, निमाताई, आभार. हे डबा लावणाऱ्या पोराने तेव्हाच सांगायला काय हरकत होती?

हिंजवडी_आयटी
तरी डबा ब्रिज मोडवर (डबा फक्त जोडणी पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) घेऊन लॉगिन राउटरमध्येच टाका. दोन-दोन राउटर एकामागे एक ठेवायची गरज नाही.

केबलमास्तर
घ्या, पण केबलवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड लिहून घेतल्याशिवाय नको. आणि डब्यावर लँडलाइन जोडलेली असेल तर आधी विचारा. ब्रिज केल्यावर काही डब्यांत फोन मुका होतो.

अण्णा_कोल्हापूर
म्हणजे खोदकाम नव्हतं तर.