पिशवी काढायच्या परवानगीचा कागद ऊसतोडीच्या बायांना वाचवेल का?

माळरान
2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली निघाली. राज्य सरकारने नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या अहवालात हा आकडा आहे. म्हणजे सहाजणींत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर उपाय काय झाला, तर खासगी दवाखान्यांनी शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची.

मला हा उपाय फार उशिराचा वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांची मिळून, आणि एक दिवस काम बुडलं की खाडा. कितीतरी टोळ्यांत 500 रुपये खाडा कापतात. पाळीत पोट दुखतंय म्हणून कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, पडून राहिलं तर मजुरी जाते, वर दंड बसतो. पहाटे चारला फडात, म्हणजे तोडीच्या उसात, डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर, जवळपास संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही. अशा सहा महिन्यांत अंगावरून जायला लागलं की बाई दवाखान्यात पोचायच्या आधीच ठरवून बसलेली असते. तिथे कागद मागून काय होणार?

भूल
तुमच्या वर्णनाशी भांडण नाही, निष्कर्षाशी आहे. मी बारा वर्षं तालुक्याच्या गावांत भूल द्यायचं काम केलं. सव्वीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुली टेबलावर आलेल्या मी पाहिल्यात. फाइलमध्ये एक सोनोग्राफी, त्यावर ‘पिशवीला सूज’, बस्स. आधी गोळ्या देऊन पाहिल्याची चिठ्ठी नाही, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी नाही. नातेवाइकांना सांगितलेलं असायचं की ठेवली तर कॅन्सर होईल. पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गाचं असतं, आठवड्याभराच्या औषधाने बरं होतं. काहीजणींची अंडाशयंही काढली गेली. त्या वयात अंडाशयं गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास लगेच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. मी कमरेत इंजेक्शन देत राहिले, प्रश्न विचारला नाही. ते मला आजही सलतं.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयात हाच विषय गेला तो बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधून. तिथे प्रश्न ऊसतोडीचा नव्हता, तरी पिशव्या निघत होत्या, कारण काही ठिकाणी विमा योजनेतून दवाखान्याला पैसे मिळत होते. केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. फड वेगळा असला तरी सुरी चालवणारा हात सगळीकडे आमच्याच पेशाचा होता. त्यामुळे लगाम आधी तिथेच हवा.

पाणवठा
कोप्यांच्या तळावर फिरते संडास आणि पॅड दिले तर निम्मा प्रश्न सुटेल.

कोयत्याचं घर
@पाणवठा, पॅड बदलायला आडोसा आणि हात धुवायला पाणी लागतं. फड आज इथे, चार दिवसांनी कोसभर लांब. संडास तळावर ठेवला तर फडातल्या बाईला तो दिवसा दिसतही नाही. द्या, नको म्हणत नाही, पण निम्मा म्हणू नका.

आता वरच्या दोघांना. माझ्या आईची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. तिला कुणी फसवलं नाही असं ती ठासून सांगते. तीन लेकरं झालेली, नसबंदी झालेली, दर महिन्याला दहा-दहा दिवस रक्त जायचं. ती स्वतः डॉक्टरला म्हणाली, काढून टाका. डॉक्टरांनी दीड महिना वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, ती महिन्याच्या आत फडात होती, कारण ऑपरेशनचे पैसेच मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, दिले होते. आज कंबर धरून बसते. पण लोक ‘बिचारी फसली’ म्हणतात तेव्हा तिला राग येतो, आणि मलाही. शिकलेल्या बाईने पिशवी काढली तर तो तिचा निर्णय, आणि माझ्या आईला मात्र सरकारची सही लागणार? गावातल्या एका बाईने कागदासाठी जिल्ह्याला दोन खेपा घातल्या, मग शेजारच्या जिल्ह्यात जाऊन ऑपरेशन करून आली. कागद तसाच राहिला.

माळरान
मुकादमाचे पैसे, हेच म्हणायचं होतं मला. ऑपरेशनचं कर्ज उचलीत मिळवलं की पुढचा हंगामही त्याच टोळीत. @भूल, डॉक्टरचा हात धरलात तरी हे कर्ज तसंच राहतं. कारखान्यांनी टनामागे 10 रुपये ऊसतोड कामगार महामंडळाला द्यायचे असं ठरलं आहे, सरकारनेही तेवढेच घालायचे. त्यातून पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचा खाडा भरून द्या. बाईला दोन दिवस झोपता आलं तर ती पिशवीवर सुरी फिरवायला इतक्या घाईने जाणार नाही.

भूल
खाडा भरून द्या, माझा पाठिंबा आहे. पण त्याला किती हंगाम जातील? परवानगी उद्या सकाळपासून चालते. @कोयत्याचं घर, तुमच्या आईचा राग मला पटतो. रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, ते तिला कुणी सांगितलं होतं का? पर्यायच ठाऊक नसेल तर तिचा होकार पुरा होत नाही, आणि ती चूक तिची नाही. कागद बाईला अडवण्यासाठी नकोच. डॉक्टरने आधी काय करून पाहिलं ते त्याला लिहायला लावणारा हवा, आणि तोही तालुक्यातच मिळायला हवा.

कोयत्याचं घर
नाही, गोळ्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. आईला आत्ताच विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, गोळ्या घेतल्या असत्या तरी मोळी उचलावीच लागली असती.

माझी बहीण दिवाळीनंतर निघेल. गेल्या हंगामापासून तिला पांढरं जातंय, वास येतो. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, दाखवीन म्हणते.

भूल
पट्टा पडेपर्यंत सहा महिने जातील. निघायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात न्या. औषध मिळेल, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मागून घ्या, काही मिनिटांचं काम आहे. नवऱ्यालाही औषध लागेल का ते डॉक्टरांना विचारायला सांगा. काही संसर्गांत एकटीने घेतलं तर महिन्याभरात परत होतं, आणि मग बाईला वाटतं की पिशवीच खराब आहे.