व्हिएतनाममधला रेशनचा काळ, कुठून वाचायला घेऊ?

मुसाफिर: व्हिएतनाम म्हटलं की सगळीकडे युद्धच, पण १९७५ नंतर हनोईतली साधी माणसं कशी जगली ते शोधतेय, सुरुवात कुठून करू?

सदाफुली: ‘बाओ काप’ हा शब्द धर, म्हणजे १९८६ च्या ‘दोई मोई’ या आर्थिक सुधारणांपर्यंतचा रेशनचा काळ. तांदूळ, मांस, कापड सगळं कुपनावर, पहाटेपासून रांगा, आणि लोक नंबर लावायला आपल्या जागी चक्क वीट ठेवून जायचे! हनोईच्या एथनॉलॉजी (लोकजीवन) म्युझियमने २००६ मध्ये यावर प्रदर्शन भरवलं होतं, तिथून सुरू कर.

निशिगंध: तिकडे अजून म्हणतात, ‘तांदळाचं कार्ड हरवल्यासारखा चेहरा’. कार्ड गेलं की चूल कशी पेटणार? मला सरकारी आकड्यांपेक्षा अशी म्हण जास्त सांगून जाते.

मुसाफिर: विटेचं वाचून गलबललं खरंच. आजच बघते.