मदत हवी आहे : ग्रामपंचायतीच्या थोड्या निधीत पूरतयारीची कामं कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका लहान गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा आराखडा येणार आहे. त्याआधी जाणकारांचा सल्ला हवाय.

२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा ५४ च्या आसपास. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण आमचं गाव पुलापासून बरंच लांब. ग्रुपवर मेसेज येतो, "आयर्विन ४३", आणि शेजारच्या आजी विचारतात, "ते ऱ्हाऊ दे गं, माझ्या उंबऱ्याला कधी लागणार ते सांग." हे सांगू शकणारी माणसं गावात दोन-तीनच उरलीत. आयर्विनला किती झालं की ओढ्यावरचा पूल बंद, किती झालं की मराठी शाळेची पहिली पायरी, किती झालं की खालची आळी रिकामी करायची, हा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात आहे. तो विजेच्या खांबांवर ऑइलपेंटने रंगवून घ्यावा असं माझ्या फार मनात आहे. खर्च अगदी थोडा. मात्र "हे कोणत्या हेडला, म्हणजे खर्चाच्या सदराला, टाकायचं?" इथेच गाडी अडते.

पैशाचं म्हणाल तर केंद्राकडून येणारा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी (२०२१ ते २०२६ साठीचा) ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेच्या इतर कामांना. आमच्यासारख्या गावाला तो थोडकाच येतो आणि दरवर्षी पेव्हिंग ब्लॉक नाहीतर पथदिव्यांत जातो. ती कामंही लोकांनीच मागितलेली असतात, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. पण पुरात त्याच ब्लॉकवर छातीभर पाणी असतं, हेही आम्ही बघितलंय.

माझे प्रश्न:

१. जॅकवेलवरचा (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवरचा) स्टार्टर-पॅनेल, म्हणजे मोटर चालू करायची पेटी, दोन्ही पुरांत बुडाला. पूर ओसरल्यावर गाव चिखल काढत होतं आणि नळाला पाणी नव्हतं. पॅनेल २०१९ च्या खुणेच्या वर उचलून बसवायचा आहे. हे बंधित निधीच्या पाण्याच्या भागात बसेल का?

२. बोट. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. आमच्याकडे बोट आहे, पण ती वर्षभर ताडपत्रीखाली. इंजिन चालू होईल का, लाइफ जॅकेट किती, चालवणार कोण, एकालाही नीट सांगता येत नाही. दुरुस्ती आणि जॅकेटं अबंधितमधून घेता येतील का? चालवणाऱ्या पोरांना मानधन?

३. जनावरं. माणसं वेळेत न निघण्याचं खरं कारण आमच्याकडे म्हशी आहेत. "जनावर सोडून कुठं जाऊ?" म्हणून कारभारी मागं राहतो, आणि त्याच्यासाठी शेवटी बोट पाठवावी लागते. माळावर गायरान आहे. तिथे साधी पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि थोडा मुरघास (आंबवून टिकवलेला हिरवा चारा) साठवून ठेवला तर लोक आदल्या दिवशी हलतील असं मला वाटतं. कुणी असं केलंय का?

---

प्रतिसाद (निवृत्त ग्रामसेवक):
ताई, आधी एक पक्कं करा. जे काम आराखड्यात नाही आणि ईग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवलेलं नाही, त्यावर नंतर वित्त आयोगाचा एक रुपयाही टाकता येत नाही. तेव्हा खांबांवरच्या खुणासुद्धा स्वतंत्र काम म्हणून लिहून घ्या. पॅनेल पाणीपुरवठा योजनेच्या देखभाल-दुरुस्तीत दाखवा, ते बंधितमधून चालतं. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता आत्ताच मागा, उशीर होतो तो तिथेच. पगार किंवा आस्थापनेचा खर्च अबंधितमधून नाही, त्यामुळे मानधन स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून बघा. बोटीसाठी आणि प्रशिक्षणासाठी तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडेही ठराव पाठवा.

प्रतिसाद (पूरग्रस्त गावातला शेतकरी):
शेडचं आमच्याकडे ठरलं होतं, पण गायरानात कुणाची दावण कुठं यावरून भांडण झालं आणि विषय मागं पडला. आधी आळीवार जागा वाटून घ्या, मग पत्रा आणा. मुरघास बचत गटाकडून करून घेतला तर बायकांनाही चार पैसे मिळतील.

---

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दावणीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना सोबत घेऊन जॅकवेलवर जातेय, भिंतीवरच्या गाळाच्या रेषेपासून टेपने उंची घेणार. रविवारी त्या जुन्या माणसांना पारावर बोलावलंय. कोणत्या फुटाला पाणी कुठं येतं ते त्यांच्याकडून वहीत उतरवून घेते.

एक अजून विचारायचं राहिलं. खांब वीज कंपनीचे. त्यावर खुणा रंगवायला लेखी परवानगी लागते का? कुणी घेतली असेल तर अर्जाचा नमुना इथं टाकाल का?