मदत हवी आहे: फॉक्सप्रोला अजून ठिगळ लावावं की नवीन सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सूत, बीम (मागावर चढवायचे ताण्याच्या धाग्यांचे रोल), रंगाई, पॅकिंग, सगळा हिशोब फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट 2015 मध्येच बंद केला. 2017 ला जीएसटी आला तेव्हा तात्पुरती दुरुस्ती करून वेळ भागवली, ती आता अंगाशी येतेय.

आमचे मुनीमकाका बिल छापतात आणि तेच आकडे ई-इनव्हॉइसच्या, म्हणजे जीएसटीसाठी बिल नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर पुन्हा टाइप करतात. परवा 57 डझनांच्या जागी 75 गेले. लक्षात येईपर्यंत 24 तास उलटले, त्यामुळे ते ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द होईना, क्रेडिट नोट (बिलातली जादा रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागली. अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या अशा घाईच्या कामाला कर्जाची उपमा दिली होती. आम्ही नुसतं व्याज भरतोय, मुद्दल तसंच!

वडील म्हणतात, चालतंय ना, मग कशाला खर्च? मला तयार, मासिक भाड्याचं सॉफ्टवेअर बरं वाटतं. पण त्यात बीमचा हिशोब बसेल का? जुना डेटा नीट येईल का?

कुणी यंत्रमाग किंवा टॉवेलच्या धंद्यात असा बदल केलाय का? सॉफ्टवेअरच्या किमतीपलीकडे डेटा हलवणं, माणसं शिकवणं यात किती गेलं? वडिलांसमोर खरे आकडे ठेवायचे आहेत.