प्रतापगडावरचा फोटो आणि नेहरूंचा हिशेब

चौकटीबाहेर :

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तो फोटो आला. नेहरू गर्दीत, आणि एका माणसाने त्यांना कवळा घालून धरलेलं. खाली ओळ : 'चीनकडून हरल्यावर जनतेने नेहरूंना चोपलं तो क्षण.' फोटो खराच आहे. फक्त तो जानेवारी १९६२ चा, काँग्रेसच्या पाटणा अधिवेशनातला. लोक अनावर झाले, पंडितजी तावातावाने थेट गर्दीतच घुसायला निघाले, तेव्हा सुरक्षारक्षकाने त्यांना धरून ठेवलं. चीनचा हल्ला २० ऑक्टोबरला झाला. म्हणजे पराभवाची शिक्षा पराभवाच्या नऊ महिने आधीच देऊन टाकली!

मी हे ग्रुपवर लिहिलं. धाकट्या काकांचं उत्तर : "फोटो चुकीचा असेल, भावना खरी आहे."

त्या वाक्यावर हा धागा काढतोय. विजयालक्ष्मी पंडित या सख्ख्या बहिणीला जवळ घेतल्याचा फोटो 'बाईलवेडेपणा'चा पुरावा म्हणून फिरतो. १९३९ मधला सेवादलाच्या गणवेशातला, अर्ध्या चड्डीतला फोटो 'नेहरू संघाच्या शाखेत' म्हणून फिरतो. सेवादल हे आपल्या ना. सु. हर्डीकरांनी उभं केलेलं काँग्रेसचं स्वयंसेवक दल, आणि त्या फोटोत डोक्यावरची टोपी पांढरी आहे. पण टोपीचा रंग बघायला वेळ कुणाला?

माझं म्हणणं सरळ आहे. फोटो दाखवून नेहरूंना पास किंवा नापास करणं थांबवा.

सरळसोट :

थांबवा? सुरू कुणी केलं ते आधी सांगा.

गुलाब, कबुतर, पोरांचा घोळका. आमच्या पिढीला नेहरू धोरणांमधून कळलेच नाहीत, ते शाळेच्या भिंतीवरच्या फोटोतून कळले. दर १४ नोव्हेंबरला त्या फोटोला हार. सतरा वर्षं पंतप्रधान आणि सगळं सरकारी प्रसिद्धी खातं दिमतीला. तेव्हा 'फोटोवरून माणूस जोखू नका' असं कुणी म्हणालं नाही. उलट्या बाजूचे फोटो फिरायला लागले तशी तुम्हाला चौकट आठवली.

पाटण्याच्या फोटोची तारीख चुकली, मान्य. बासष्टमध्ये तवांग आणि बोमदिला चीनच्या हाती गेलं ही तारीख चुकलेली नाही.

निगेटिव्ह :

दोघांनाही थोडं थांबवतो. फोटो काढणाऱ्याबद्दल कुणी बोलतच नाहीये.

सिगारेटचा तो प्रसिद्ध फोटो (ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी मिसेस सायमन यांची सिगारेट नेहरू पेटवून देताहेत, ओठांत स्वतःचीही आहे) होमाई व्यारावाला यांनी विमानात टिपला. नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण. नेहरूंना त्यांनी वर्षानुवर्षं जवळून टिपलं. त्यांच्याच एका फोटोत नेहरू पालम विमानतळावर उभे आहेत आणि शेजारी पाटी : फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. हसू येतं बघून.

तेव्हाचे ते अवजड कॅमेरे आणि एका झोतात संपणारे फ्लॅशचे बल्ब लक्षात घ्या. आजच्यासारखं शंभर वेळा बटण दाबून एक निवडायची सोय नव्हती. अशा कॅमेऱ्यासमोर जो माणूस सहज वावरतो त्याचे फोटो चांगले येतात, आणि नेहरू सहज वावरायचे. याला कारस्थान म्हणायचं की स्वभाव, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण सिगारेटच्या फोटोवरून चारित्र्य काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तो फोटो चोरून काढलेला नाही. समोर बाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या.

सरळसोट :

म्हणजे कॅमेऱ्याची जाण होती, एवढं तुम्हीच कबूल केलंत. आभारी आहे.

चौकटीबाहेर :

जाण होतीच, आणि त्या जाणिवेची भीतीही होती. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. काँग्रेसच्या अध्यक्षावर कडक टीका : हा माणूस गर्दीसमोर जे करतो ते उत्स्फूर्त की सराईत नट करतो तसं? याला फार डोक्यावर घेऊ नका, यातून सीझर निपजू शकतो. लेखक खुद्द नेहरू. आजचा कुठला नेता स्वतःबद्दल असं लिहील?

सरळसोट :

टोपणनावाने स्वतःवरच लेख लिहिणं ही तर सगळ्यात मोठी पोझ. फोटोला निदान दुसरा माणूस तरी लागतो.

(पण लेख वाचनीय आहे, ते नाकारत नाही.)

कोयनाकाठ :

दिल्लीच्या फोटोंवर भांडताय, आमच्या सातारा जिल्ह्यातला फोटो कुणाला आठवेना.

३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते. छापून आलेल्या फोटोंत पुतळा, पंडितजी, यशवंतराव. या फोटोंत जे नाही ते असं : गडाच्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन उभे होते. राग दुहेरी होता. एक, महाराजांविषयी नेहरूंनी पूर्वी तुरुंगात लिहिलेला मजकूर. तो त्यांनी पुढे बदलला, पण मनातला सल काही निघाला नव्हता. आणि दुसरा, मुंबई. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, रस्त्यावर गोळीबार झाले, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. नंतर माथी मारलं ते गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य. १०६ हुतात्मे उगाच झाले नाहीत.

म्हणून मला धागाकर्त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. खोटी ओळ लावलेला फोटो पकडणं सोपं आहे, तारीख काढली की काम झालं. खऱ्या ओळीचा, खऱ्या तारखेचा, पण कडेला उभी असलेली माणसं कापून टाकणारा फोटो कोण पकडणार? आमच्यावर अन्याय केला तो या दुसऱ्या प्रकारच्या फोटोने.

निगेटिव्ह :

हे मात्र बिनतोड. फक्त एक भर. १ मे १९६० चा फोटोही त्याच्या शेजारी ठेवा. राज्याची स्थापना त्याच नेहरूंच्या हस्ते, मुंबईसह. काळे झेंडे पाहून आलेला माणूस अडीच वर्षांत नमला. याला तुम्ही हार म्हणा, मी लोकशाही म्हणेन.

कोयनाकाठ :

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला झोपवलं म्हणून नमला. मतपेटीला नमला, ठीक आहे, त्याचं श्रेय देतो. पण १ मेचा सोहळा पाहून कुणाला वाटेल की महाराष्ट्र दिल्लीहून बक्षीस आला.

सरळसोट :

कोयनाकाठ यांच्याशी सहमत, आणि हा योग दुर्मीळ आहे.

धागाकर्त्याला एक प्रश्न. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. कागद कुलपात असेल तर लोक फोटोवर भांडणार नाहीत तर कशावर?

चौकटीबाहेर :

प्रश्न रास्त आहे. फक्त त्या कुलपाची किल्ली नंतर सगळ्याच पक्षांच्या हाती येऊन गेली, आणि कुणीच ते उघडलं नाही. याचा दोष एकट्या नेहरूंच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आणि फोटोंची चूक एकाच बाजूची नाही, हेही सांगतो. २०१९ मध्ये शशी थरूर यांनी नेहरू–इंदिरांच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीचा फोटो अमेरिकेतला म्हणून टाकला. तो निघाला सोव्हिएत दौऱ्यातला. म्हणजे प्रेमापोटीसुद्धा तेच होतं. काकांचं वाक्य थरूरांनाही लागू : फोटो चुकीचा, भावना खरी!

सरळसोट :

हे उदाहरण तुम्ही स्वतःहून दिलंत, म्हणून आज माघार घेतो. बासष्टवर वेगळा धागा काढा, तिथे भेटू. फोटो नकोत, नकाशे घेऊन या.

कोयनाकाठ :

जरा अवांतर. आमचे आजोबा त्या दिवशी प्रतापगडाच्या वाटेवर काळा झेंडा घेऊन उभे होते. आयुष्यभर सांगायचे. आणि माजघरात त्यांनी स्वतः चौकट करून लावलेला नेहरूंचा फोटोही होता, २७ मे १९६४ ला नेहरू गेल्यानंतर वर्तमानपत्रातून कापलेला. आजीने एकदा विचारलं, ज्याला झेंडे दाखवले त्यालाच हार कसला? आजोबा म्हणाले, "झेंडा त्याला दाखवला तो तो बघेल म्हणून. न बघणाऱ्याला कोण दाखवतं?"

फोटो आता पिवळा पडलाय. झेंड्याचं कापड आजीने पुढे पिशवीच्या अस्तराला वापरलं.