समुद्राकडच्या वाटेला दिवे हवेत, किनाऱ्यावर उजेड नको. ग्रामसभेत कसं मांडायचं?

माडाखालची वाट (पेडणे)

नमस्कार. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका वाड्यावर आम्ही राहतो. येत्या ग्रामसभेत आमच्या वाड्याचा एक विषय आहे, त्यावर जाणत्या लोकांचा सल्ला हवाय.

तिठ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर आज एकही दिवा नाही. आधी दोन्ही बाजूंनी गडगे, मग माडांची बाग, मग व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), आणि त्यापुढे सुरूची झाडं आणि वाळूच्या टेकड्या. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची असली की वाड्यावरच्या बायका पहाटेच्या काळोखात मासळी निवडायला जातात. परतताना डोक्यावर भरलेली पाटी असते, खाली बघता येत नाही, पायाखाली जनावर (साप) आलं तरी कळत नाही. थंडीच्या दिवसांत शिकवणीहून येणाऱ्या मुलींना साकव गाठेपर्यंत अंधार होतो. भाड्याच्या दुचाक्या याच वाटेने सुसाट किनाऱ्याकडे जातात. म्हणून आमच्या स्वयंसहाय्य गटाने घरोघरी जाऊन सह्या घेतल्या आणि दिव्यांची मागणी केली. ती मागणी मी आजही सोडलेली नाही.

आता जो आराखडा समोर आलाय त्यात तिठ्यापासून थेट वाळूपर्यंत उंच खांब आणि पांढरे एलईडी दिवे आहेत. शिवाय शेवटच्या टप्प्यात टेकडी कापून सिमेंटची सरळ वाट. वाड्यावर बहुतेकांना आनंद झालाय आणि तो मला समजतो. इतक्या वर्षांनी आमच्याकडे कुणीतरी लक्ष दिलंय.

पण या वाळूत कासवं अंडी घालतात. आजेसासऱ्यांच्या पिढीत ती अंडी काढून खायची रीत होती. ज्यांनी ती रीत सोडली, त्यांच्याच घरातली मुलं आज रात्रभर घरट्यांची राखण करतात. एवढं मोठं काम या माणसांनी केलं, त्यावर आपणच झगझगीत उजेड पाडायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

वाड्यावर आता ‘दिवेवाले’ आणि ‘कासववाले’ असे दोन गट पडलेत. मला दोन्ही हवंय, आणि दोन्ही जमेल असं वाटतं. विचारायचं ते हे: कसले दिवे मागावेत? आणि ठराव कसा लिहावा, म्हणजे आक्षेप घेतला म्हणून सगळं कामच बारगळणार नाही? ही शेवटची भीती मला सगळ्यात जास्त आहे.

वाळूवरची राखण

ताई, मी काही हंगाम घरट्यांवर राखणीला होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याकडे येतात ती बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री वर येते, एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे मेपर्यंत किनारा काळोखात राहायला हवा. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे क्षितिज जास्त उजळ दिसतं तिकडे धावतं. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. मागे दिवा असेल तर ते रस्त्याकडे वळतं, आणि सकाळी कावळे, कुत्रे आणि ऊन त्याला सोडत नाहीत. मादीसुद्धा उजेड दिसला की पुष्कळदा अंडी न घालताच परत फिरते.

दिव्याबद्दल तीन गोष्टी धरून ठेवा. दिवा खाली असावा, कंबरेएवढ्या खांबावर. त्याला समुद्राच्या बाजूने पूर्ण झाकण असावं, उजेड फक्त पायाखाली पडावा. आणि रंग अँबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा असावा. नुसतं ‘पिवळा’ लिहू नका, ‘वॉर्म व्हाइट’ आणून लावतील, त्यातही निळा अंश असतो. कासवाच्या डोळ्याला निळा-हिरवा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. म्हणून ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा दिवा असं स्पष्ट लिहा. पांढऱ्या दिव्याला रंगीत कागद गुंडाळून चालत नाही, उन्हापावसात तो फिका पडतो.

काम झाल्यावर अवसेच्या रात्री भरतीच्या रेषेवर जाऊन वाळूत बसा, कासवाच्या उंचीवर. बल्ब थेट दिसला किंवा वाळूवर तुमची सावली पडली, तर तो दिवा चुकीचा लागलाय.

रापणकार

वरचं सगळं खरं असेल. पण कासवासाठी नियम सांगायला सगळे येतात, आमच्या आया-बहिणी काळोखात ठेचकाळतात तेव्हा कोण येत नाही. कंबरेएवढा दिवा पहिल्या पावसात गंजून पडेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मोठमोठे खांब कोसळले आणि वीज कित्येक दिवस नव्हती. खाऱ्या वाऱ्यात टिकेल असं काहीतरी सांगा, आणि बंद पडला तर दुरुस्त कोण करणार तेही लिहा. नाहीतर दोन वर्षांनी वाट पुन्हा काळोखी आणि आम्ही पुन्हा सह्या गोळा करत फिरणार.

काणकोणकर

रापणकारांचा मुद्दा मला रास्त वाटतो. लोखंडी खांब घेऊच नका. सिमेंटचे बुटके खांब घ्या, दिवा त्यातच बसवलेला, वायर जमिनीखालून. लोखंड घ्यावंच लागलं तर जस्ताचा जाड थर दिलेलं घ्या, नुसता रंग मारलेलं नको.

मला मात्र दिव्यांपेक्षा त्या कापलेल्या टेकडीची काळजी जास्त वाटते. दिवा उद्या बदलता येतो. टेकडी एकदा कापली की ती परत उभी राहायला पिढ्या जातात. तिच्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाढतात म्हणून वाळू जागेवर राहते. समुद्र खवळला की पहिला मार ती खाते, मग तुमच्या माडांची पाळी. गावातला उजेड किनाऱ्यावर पोचू न देणारी भिंतही तीच. तिच्यातून सरळ वाट काढलीत तर वाऱ्याला आणि लाटेला दरवाजा उघडून दिल्यासारखं होईल. वाट तिरकी, वळण घेत न्या, आणि टेकडीवर खाली फट ठेवून लाकडी फळ्या टाका, म्हणजे वाळू आणि वेल दोन्ही खालून सरकत राहतील.

निवृत्त पंचायत सचिव

बाय, ठरावाचं मी सांगतो. माझं आयुष्य इतिवृत्तं लिहिण्यात गेलं.

आराखड्याला विरोध म्हणून उभ्या राहू नका. ‘दुरुस्तीसह मंजुरी’ मागा. विरोध नोंदला गेला की विषय पुढच्या सभेवर जातो आणि निधीचं वर्ष संपतं. दुरुस्ती नोंदली गेली की काम चालू राहतं.

कामाचे दोन भाग करा. तिठा ते साकव हा पहिला. तिथे घरं आहेत, बाग आहे, समुद्र दिसत नाही. तिथे नेहमीच्या उंचीचे पण खाली तोंड केलेले दिवे घ्या आणि हे काम आधी उरकून घ्या. बायकांची आणि मुलींची निम्मी अडचण तिथेच सुटेल. साकव ते वाळू हा दुसरा भाग. तिथे वर सांगितलेले बुटके अँबर दिवे आणि तिरकी वाट.

दुसऱ्या भागासाठी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागेल, ती टाळून काही करू नका. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद हे किनारे कासवांच्या विणीचे म्हणून त्यात नावानिशी आलेत. कासव स्वतः १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुमचा किनारा त्या चारांत नसला तरी घरटी होत असल्याची वनखात्याची नोंद जोडा, तिला वजन असतं. उद्या कुणी तक्रार केली आणि काम थांबवलं, तर पहिला भाग तरी झालेला असेल.

मागणी तोंडी नको. लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला जैवविविधता समिती नेमावी लागते. तुमच्या समितीचं पत्र सोबत असेल तर उत्तम. आणि सभेतून घरी जायच्या आधी तुमचा ठराव इतिवृत्तात कसा लिहिला ते वाचून दाखवायला सांगा. त्यात संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

माडाखालची वाट (पेडणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. सचिवकाका, दोन भागांची वाटणी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. काल गटाच्या बैठकीत ती मांडली आणि ज्या मामी दिव्यांसाठी सगळ्यात जास्त आग्रही होत्या, त्यांनीच ठरावाला अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. त्यांचं म्हणणं एवढंच, की साकवाचा कठडा मोडलाय तोही पहिल्या भागात घ्या. घेतला.

रापणकारदादा, तुमच्या दुखण्याला ठरावात जागा दिलीय. मसुदा असा आहे: ‘तिठा ते साकव या भागात खाली तोंड असलेले दिवे बसवावेत आणि साकवाचा कठडा दुरुस्त करावा. हे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे. साकव ते किनारा या भागात प्राधिकरणाची परवानगी घेऊन, समुद्राच्या बाजूने झाकलेले, ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचे अँबर दिवे बुटक्या सिमेंटच्या खांबांवर बसवावेत. वाळूची टेकडी कापू नये. वाट तिरकी आणि फळ्यांची असावी. बंद दिवा किती दिवसांत दुरुस्त होईल आणि ती जबाबदारी कुणाची, हे कामाच्या आदेशातच लिहावे.’

घरट्यांवर राखण करणाऱ्या मुलांनाही सभेला बोलावलंय. विणीच्या हंगामात दुसऱ्या भागातले दिवे रात्री किती वाजता बंद करायचे आणि पहाटे रापणीच्या वेळी पुन्हा कधी लावायचे, हे त्यांनी आणि मासळी निवडणाऱ्या बायकांनी एकत्र बसून ठरवावं असं वाटतं. वेळेवर आपोआप चालू-बंद होणारी कळ खाऱ्या हवेत नीट चालते का? कुणी किनाऱ्याजवळ वापरली असेल तर कृपया सभेच्या आधी कळवा.