खरखर गेली का? रेडिओ आणि नवं तंत्रज्ञान (अनुभव धागा)

सासवडकर (धागाकर्ता)

आमच्या अण्णांचा ट्रान्झिस्टर गेल्या वर्षी अचानक कुरकुरायला लागला. सकाळी ७:०५च्या प्रादेशिक बातम्या म्हणजे त्यांची पूजा, मध्ये कोणी बोललेलं चालत नाही. आणि पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्‌झवर नुसती घरघर. सेल बदलले, दुरुस्तीवाला शोधला (तोच मिळणं मुश्कील), उपयोग शून्य. शेवटी त्यांच्या फोनवर आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप टाकून दिलं. आवाज एकदम स्वच्छ! देशभरातल्या दोनशेहून जास्त वाहिन्या यात आहेत म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "मला एकच हवंय." आता ट्रान्झिस्टरच्या भोकाभोकांच्या चामडी कव्हरात फोन उभा असतो, पट्टा खुंटीला. लांबून बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणारसुद्धा नाही.

तर डिजिटल तंत्रज्ञानाने तुमच्या रेडिओचं काय भलं केलं ते लिहा. केंद्रात काम केलेल्यांनी तर लिहाच. 'काय ते दिवस होते' छाप गहिवर मात्र नको, तो आपल्याकडे भरपूर शिल्लक आहे.

ब्लेडवाली

मी एका केंद्रावर हंगामी निवेदिका होते, तेव्हा सगळं काम टेपवर चालायचं. टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची, म्हणजे वक्ता अर्धा सेकंद खोकला तर तो खोकला पावणेचार इंच लांब. रिळं हाताने मागेपुढे फिरवायची, खोकल्याचं तोंड हेडखाली (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) घोगरं 'ख्र्र' करून आलं की पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, मग ब्लेडने तिरका छेद (सरळ कापलं की जोडावर टक्‌ असा आवाज येतो) आणि वरून चिकटपट्टी. जास्त कापलं गेलं तर तो तुकडा केराच्या टोपलीत शोधायचा. एकदा मी एका कीर्तनकारबुवांचा श्वासच कापला. वाक्यावर वाक्य आदळलं. पुढे बुवा भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, तिथे मला दम लागला होता, तो तुम्ही काढून घेतलात."

पुढे संगणक आला. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते, हवं तितकं कापा, मूळ ध्वनिमुद्रण जागच्या जागी राहतं. बुवांचा श्वास परत देता येतो. पण मला विचाराल तर खरा फायदा हा नव्हे. टेपा कमी पडायच्या म्हणून प्रसारण झालं की कार्यक्रम पुसून त्याच टेपेवर नवा घ्यायचा. किती चांगल्या मुलाखती माझ्या देखत गेल्या, दोनतीन तर माझ्याच हाताने. आता जागा नाही म्हणून पुसावं लागत नाही. श्रोत्याला ही गोष्ट कधी कळतही नाही.

चौकारपंत

ॲपबद्दल एकच तक्रार. ते अर्धा मिनिट मागे चालतं. माझ्या कानात गोलंदाज अजून धावत येतोय आणि वरच्या मजल्यावर विकेटचा आरडाओरडा होऊन गेलेला. ट्रान्झिस्टर असताना मी टीव्हीवाल्यांच्याही आधी ओरडायचो.

फ्योर्डकाठी

ओस्लोत राहते. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि सगळं डॅबवर, म्हणजे डिजिटल प्रसारणावर नेलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. लोक जाम चिडले होते, आम्हीसुद्धा. गाडी जुनी, त्यामुळे काचेला चिकटवायचं अडॅप्टर घ्यावं लागलं, त्याची वायर अजून गिअरमध्ये अडकते.

मिळालं काय? एफएमवर देशभर ऐकू येणाऱ्या वाहिन्या ५ होत्या, डॅबवर २२ झाल्या. डोंगर आणि फ्योर्डच्या (डोंगरांत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाड्या) या देशात दोन दोन प्रक्षेपण यंत्रणा पोसायचा खर्च सुटला. माझ्या सासूबाई भाषा न समजता जॅझची वाहिनी लावून पोळ्या लाटतात, हा फायदा कुठल्याही सरकारी अहवालात नसेल. पण एफएम अशक्त झालं की खरखरत का होईना, बोलत राहायचं. डॅबचा सिग्नल कमी पडला की आधी पाण्यात बुडबुडे आल्यासारखं होतं आणि मग एकदम चिडीचूप. मधलं काही नाही.

बोटांचेडोळे

मी पूर्ण अंध आहे. जुन्या रेडिओवर केंद्रांच्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून आईने चकतीच्या कडेला नखरंगाचे टिपके दिले होते. सुकले की बोटाला लागतात, पहिला मुंबई, दुसरा विविध भारती. आता फोन स्वतः वाहिनीचं नाव वाचून दाखवतो, टिपके लागत नाहीत. रात्री चुकलेलं भाषण सकाळी पॉडकास्टवर ऐकतो, कोणाला 'लावून दे रे' म्हणावं लागत नाही.

मात्र एका ॲपची नवी आवृत्ती आली आणि फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणायला लागला. बनवणाऱ्यांनी बटणांना नावंच दिली नव्हती. दोन महिने मी अंदाजपंचे दाहोदरसे! टिपके कधी असे पळून गेले नव्हते.

चाराछावणी

म्हसवडला जशी माणदेशी तरंग वाहिनी आहे तसं आमच्याकडेही सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. पल्ला दहापंधरा किलोमीटर, स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या. ध्वनिमुद्रण साध्या मोबाइलवर. मी आजीची जात्यावरची ओवी गोठ्यात बसून घेतली, मध्ये शेळी ओरडली, ती तशीच ठेवली. व्हॉट्सॲपने केंद्राला पाठवली, संध्याकाळी लागली. तीच फाईल भिवंडीत कामाला असलेल्या चुलत्याने पन्नास वेळा ऐकली. प्रक्षेपक तिथवर पोचत नाही, फाईल पोचते.

लघुलहरी

मी दूरची केंद्रं पकडणारा. पूर्वी गच्चीवर तार, वहीत नोंदी, केंद्राला पत्र आणि पोचकार्डाची (आपण केंद्र ऐकल्याची त्यांनी दिलेली पावती) चार महिने वाट. आता यूएसबीला लावायचा एक छोटा डोंगल, मुळात टीव्हीसाठी बनवलेला, संगणकाला जोडला की लहरींचा पट्टा धबधब्यासारखा पडद्यावर उतरतो. केंद्र ऐकू यायच्या आधी दिसतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर तर घरबसल्या ब्राउझरमधून फिरवता येतो. माझ्या बिल्डिंगच्या गोंगाटात जे येत नाही ते तिथे येतं.

@सासवडकर, अण्णांचा ट्रान्झिस्टर बहुतेक ठणठणीत आहे. घरात नवे स्वस्त एलईडी दिवे किंवा चार्जर लावलेत का? मध्यमलहरींचे (७९२ त्यातच येतं) ते वैरी. सगळं बंद करून बघा.

सासवडकर

@लघुलहरी, साष्टांग! देवघरातला बल्ब निघाला. तो मीच दिवाळीत लावला होता. बंद केला आणि ७९२ हजर.

आता अण्णा दोन्ही लावतात. आधी ट्रान्झिस्टर बोलतो, फोन मागून येतो. मी म्हटलं, डोकं उठत नाही का? म्हणाले, "कान कमी झालेत. एखादं गावाचं नाव निसटलं तर फोनवाला परत सांगतो."